हात सैल की आखडता? घरखरेदीच्या सहा महिन्यांच्या नोंदी

आधी एक खुलासा. किमती आकड्यांत लिहिलेल्या नाहीत, कारण जागा बदलली की त्या बदलतात आणि वर्ष उलटलं की पुन्हा बदलतात. प्रत्येक प्रकारातली सगळ्यात स्वस्त पण चालणारी वस्तू म्हणजे १ पट, बाकी सगळं तिच्या पटीत. सहा महिन्यांत घरातल्या वस्तूंसाठी काढलेली रक्कम म्हणजे १०० भाग. घरात चार माणसं: मी, नवरा, लेक आणि सासरे, म्हणजे बाबा.

३ जानेवारी

डिसेंबरात तीन वस्तूंनी एकदम मान टाकली. एक्स्टेंशन बोर्डाच्या एका सॉकेटचं प्लॅस्टिक हीटरखाली वितळलं. मी जिच्यावर बसून काम करते ती खुर्ची बसल्याबसल्या हळूहळू खाली जायला लागली. आणि नवऱ्याचे ‘चांगले’ बूट, चार वर्षांत जेमतेम पाच वेळा घातलेले, खोक्यातून काढले तर तळव्यांचा भुगा हातात आला.

तिन्हींत पैसे वेगवेगळ्या तऱ्हेने गेले. बोर्ड १ पटीचा होता, बूट ५ पटीचे. म्हणजे ‘स्वस्त घेतलं म्हणून फसलो’ हे कारण पुरत नाही. त्यात माळ्यावर एक ड्रिल मशीन आहे, चांगलं दणकट, सहा वर्षांत चार भोकं पाडलेलं.

ठरवलं की जूनपर्यंत प्रत्येक खरेदीची नोंद ठेवायची आणि कुठे हात सैल सोडायचा, कुठे आखडायचा, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवायचं. (वितळलेल्या बोर्डाच्या जागी त्याच संध्याकाळी तसाच १ पटीचा बोर्ड आणला. दुकान बंद व्हायला आलं होतं. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.)

५ जानेवारी

घरातल्या वस्तूंची यादी. सात तास गेले, ४१२ नोंदी झाल्या, आणि रात्री लक्षात आलं की मी चमचे एकेक करून मोजलेत. यादी फाडली. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच लिहिलं: जी वस्तू मोडली तर आठवड्याच्या आत नवी आणावी लागेल, किंवा जी आणताना घरात चर्चा झाली होती. ६१ वस्तू राहिल्या. कुणी हे करणार असेल तर इथूनच सुरुवात करा, तुमचा रविवार वाचवा.

११ जानेवारी

प्रत्येक वस्तूवर कागदी चिकटपट्टी आणि शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. वापरली की एक रेघ, पाचव्या रेघेला आडवा काट. न्हाणीघरातल्या पट्ट्या वाफेने दोन दिवसांत सुटल्या. तिथल्या नोंदी दाराबाहेर घेतल्या.

१८ जानेवारी

पहिला आठवडा रद्द.

चौदा महिने कपडे वाळत घालायला वापरलेल्या व्यायामाच्या सायकलला सात दिवसांत नऊ रेघा! नवरा म्हणाला, “अगं, पट्टी कोरी दिसते ना, बरं वाटत नाही.” मोजायला लागलं की माणसं वागणं बदलतात, हे मी धरलंच नव्हतं. पट्ट्या काढल्या नाहीत, पण आजपासून नव्याने मोजणी. नावीन्य ओसरलं की खरे आकडे येतील असा भरवसा. (ओसरलं. पुढच्या चार आठवड्यांत सायकलला दोन रेघा, त्यातली एक लेकीची, चुकून.)

१५ फेब्रुवारी

चार आठवड्यांचा हिशोब. गादी: २८ रात्री, सात तासांनी धरलं तर १९६ तास. खुर्ची साधारण १२० तास. मोठी सुरी ८३ वेळा. ड्रिल शून्य. पाहुण्यांसाठीचं मोठं पातेलं शून्य.

मग सगळेच सांगतात ते गणित केलं: किंमत, अधिक देखभालीचा खर्च, वजा विकून येतील ते पैसे, भागिले एकूण वापर. एका वापराला काय पडतं ते निघतं. गादी इतकी स्वस्त निघाली की ७ पटीचीही घ्यावी असं वाटलं. ड्रिलच्या एकेका भोकात एक नवं ड्रिल बिट सहज आलं असतं.

मला हे गणित फार आवडलं. दोन संध्याकाळी मी तेच करत बसले. त्यातली लबाडी मात्र तेव्हाच दिसायला हवी होती. ‘एकूण वापर’ काढायला वस्तू किती वर्षं टिकेल ते लागतं, आणि ते मी मनाने टाकत होते. जी वस्तू घ्यायची होती तिला दहा वर्षं दिली, जी नको होती तिला तीन. उत्तर आधी ठरलेलं, वर्षं मागून.

२१ फेब्रुवारी

न्हाणीघरातला गळका नळ बदलला, वरच्या गणिताप्रमाणे. या नळाचे दोन भाग. एक दिसणारा, तोटी आणि दांडा. दुसरा भिंतीत गाडला जाणारा, ज्याला प्लंबर कन्सील्ड बॉडी म्हणतात. दांड्याला दिवसाला तीसेक वेळा हात लागतो, म्हणून त्यावर ४ पट घातले. भिंतीतल्या बॉडीला कुणी हातच लावत नाही. वापर शून्य. म्हणून १ पटीची. खर्च ११ भाग.

प्लंबर म्हणाला, “ताई, उलटं करा.” मी त्याला वही दाखवली.

१४ मार्च

एकोणिसाव्या दिवशी पलीकडच्या खोलीतल्या भिंतीला ओल आली.

फरशा फोडल्या. बॉडीच्या आट्यांजवळ केसासारखी चीर होती. धातू इतका पातळ की नळी घट्ट करतानाच तो फाटला असावा, आणि पाणी आतल्या आत झिरपत राहिलं. ४ पटीची तोटी तोपर्यंत कोरडी ठणठणीत, चकाकत होती. कामाला दोन दिवस, फरशा, मजुरी, पलीकडच्या खोलीचा रंग आणि जाड पितळी बॉडी, ३ पटीची. एकूण १७ भाग. म्हणजे चूक दुरुस्त करायला मूळ कामाच्या दीडपट.

या वेळी प्लंबरने सांगितलं तसंच केलं. बॉडी बसवल्यावर लगेच फरशी लावली नाही. तोंडं बंद करून, पाण्याचा दाब ठेवून सगळं रात्रभर उघडं ठेवलं, सकाळी कोरड्या कागदाने प्रत्येक सांधा टिपून पाहिला आणि मगच सिमेंट. पहिल्या खेपेला ही एक रात्र घाईने वाचवली होती. आतलं कार्ट्रिज, म्हणजे दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात तो भाग, सुटं मिळतं की नाही हेही घेण्याआधी विचारलं. पाण्यातल्या वाळूच्या कणाने त्या चकत्यांवर ओरखडे पडतात आणि नळ गळतो. कार्ट्रिज मिळत असेल तर पाच मिनिटांचं काम, नाहीतर पुन्हा छिन्नी-हातोडा.

त्याच आठवड्यात सिंकचा नळही ठिबकत होता. रात्री दहाला खाली भांडं ठेवलं, सकाळी सहाला मोजलं: ३ लिटर. दिवसाला ९ लिटर. पण हा नळ उघड्यावर आहे, ठिबकतो ते दिसतं, पाणी सिंकमध्येच जातं. आतला रबरी वॉशर बदलला, खर्च सांगण्याजोगा नाही. हा नळ १ पटीचा आहे आणि तसाच राहणार.

वहीत नवा रकाना आखला: मोडली तर काय? काय भिजेल, काय जळेल, काय फोडावं लागेल. वापराच्या रकान्याआधी हा.

१६ मार्च

नव्या रकान्याने पहिला बळी घेतला तो जानेवारीत आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डाचा. जुना वितळलेला बोर्ड फेकला नव्हता, तो उघडला. आतल्या पितळी पट्ट्या इतक्या ढिल्या की प्लग काढला तरी मिटत नव्हत्या. सैल जोडाशी प्रतिरोध वाढतो आणि तिथेच उष्णता साठते. शिवाय वायर बारीक, ०.७५ चौरस मिलिमीटरची. १.५ ची असती तर तितक्याच प्रवाहाला वायरमध्ये निम्मी उष्णता झाली असती. आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. मोबाइल चार्जरला हा बोर्ड आयुष्यभर पुरला असता. हीटरला नाही.

एका वापराच्या गणितात हाच १ पटीचा बोर्ड घरातली सगळ्यात ‘फायद्याची’ वस्तू ठरला होता.

आता ३.५ पटीचा आणला: १.५ ची वायर, झाकणाचे सॉकेट, स्वतःचा ब्रेकर. तरी हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला, बोर्डावर नाही. बोर्ड बदलल्याने ही सवय बदलायची गरज संपत नाही.

एवढ्यात उत्साह वाढला आणि टीव्हीची एचडीएमआय केबल ६ पटीची आणली. चित्र जसं होतं तसंच. डिजिटल सिग्नलचं असं आहे की दीड-दोन मीटरवर तो नीट पोचतो, आणि पोचला नाही तर चित्र तुटतं, ठिपके येतात, काळं पडतं. महाग केबलने रंग उजळत नाहीत. आणि केबल मोडली तर काय? काही नाही, टीव्ही बंद. पाकीट फोडलेलं असल्याने दुकानाने परत घेतली नाही. १ भाग पाण्यात.

३० मार्च

खुर्ची. ४ पटीची नवी घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. बाबांनी ती उलटी केली आणि विचारलं, “यातलं नेमकं मोडलंय काय?” मोडला होता फक्त मधला गॅस सिलिंडर. पाठ, फोम, पाच पायांचा तळ, चाकं सगळं ठीक. हे सिलिंडर बऱ्याच खुर्च्यांना सारखेच असतात. वरचा-खालचा व्यास आणि उंची मोजून सुटं आणलं.

जुनं काढायला मात्र दोन तास लागले. ते पेचाने बसवलेलं नसतं, निमुळतं असतं आणि वजनाने रुतून बसतं. तेल सोडलं, पाइप पान्याने पिळलं, शेवटी तळाकडून रबरी हातोड्याने ठोकल्यावर सुटलं. आत दाबाखाली वायू असतो, तेव्हा त्याला भोक पाडायच्या किंवा तापवायच्या फंदात पडू नका. खर्च २ भाग. खुर्ची खाली जात नाही.

रकाना आणखी एक: उघडता येते का?

६ एप्रिल

स्वयंपाकघर. इथे माझी मतं सगळ्यात पक्की होती आणि सगळ्यात जास्त इथेच मोडली.

नॉनस्टिक तवा: पूर्वी एकदा ५ पटीचा घेतला होता, त्याच्यावर १४ महिन्यांत चरे. १ पटीचा ११ महिने गेला. लेप दोन्हींवर पीटीएफईचाच, म्हणजे टेफ्लॉनचा. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत २६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो आणि तिथून तो लेप खराब व्हायला लागतो, मग तव्याचा दांडा कितीही देखणा असो. जी वस्तू झिजणारच आहे तिला स्वस्तात घ्यावं, जपून वापरावं आणि वेळेवर निरोप द्यावा.

बिडाचा तवा याच्या उलट. २ पटीचा, आणि त्यात मोडण्यासारखं काहीच नाही. मी रात्रभर पाण्यात भिजत ठेवला, सकाळी नारिंगी गंज. तारेच्या घासणीने घासला, वाळवला, तेलाचा अगदी पातळ थर देऊन तापवला, असं चार वेळा. तेल तापून धातूवर कडक थर धरतं तोच त्याचा लेप. तीन तास गेले पण तवा पुन्हा नवा. नॉनस्टिकला अशी दुसरी संधी नसते.

पातेलं: चांगलं स्टील ओळखायला चुंबक घेऊन गेले. ऐकून होते की ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, त्यात अंदाजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, गंजत नाही. चुंबक चिकटला नाही, खूश होऊन ३ पटीचं घेतलं. घरी इंडक्शनवर ठेवलं तर शेगडीने ओळखच दिली नाही. इंडक्शनला चुंबक चिकटणारा तळच लागतो! चुंबक बरोबर होता, प्रश्न चुकला होता. ३ भाग गेले. पातेलं आता बादलीसारखं वापरतो.

सुरी: ६ पटीची आणि १.५ पटीची, दोन्ही एका मैत्रिणीकडून महिनाभर उसन्या. पहिला आठवडा महागडी जिंकली. मग १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा) साधा दगड आणला आणि दोन्हींना धार लावली. पहिल्या खेपेला माझा हात डुलत होता, कोन दर फेरीला वेगळा, दोन्ही सुऱ्या आणखी बोथट झाल्या. मग पात्याखाली एक लाकडी पाचर धरून साधारण १५ ते २० अंशांत कोन पक्का केला आणि पातं पाचरीबरोबर ओढलं. तिसऱ्या दिवशी जमलं. त्यानंतर मुठींना कापड गुंडाळून घरातल्या तिघांना दिल्या. कुणालाच महागडी ओळखता आली नाही. सुरी आणि दगड मिळून २ भाग. महागडीचं पोलाद धार जास्त दिवस धरतं, हे खरं. पण महिन्यातून दहा मिनिटं दगडावर द्यायची तयारी असेल तर तो फरक ४.५ पटींचा नाही.

२७ एप्रिल

गादी. तीन आठवडे यात गेले.

जुन्या गादीवर काठी आडवी ठेवून मधला खड्डा पट्टीने मोजला: ४ सेंटिमीटर. दुकानात प्रत्येक गादीवर दोन-तीन मिनिटं पडून पाहिलं आणि प्रत्येक वेळी जास्त मऊ तीच आवडली. चौथ्या दुकानात मी बूट काढून, कुशीवर, वीस मिनिटं पडले. विक्रेता ओशाळला, मी नाही. दहाव्या मिनिटाला मऊ गादीत खांदा आणि कंबर वेगवेगळ्या उतारावर आहेत हे कळायला लागलं.

किमती १ ते ७ पट. मधल्या फरकाचं कारण विचारलं की कापड, थंडावा देणारं जेल, भरतकाम अशी उत्तरं. मला एकच आकडा हवा होता: फोमची घनता, किलो दर घनमीटर. मऊपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाट फोम मऊही असू शकतो, फक्त तो लवकर बसत नाही. दोन दुकानांनी आकडा सांगितलाच नाही, तिथून काही घेतलं नाही. शेवटी ४० च्या वर घनतेची, २.५ पटीची, खोळ काढून धुता येणारी गादी घेतली. ३४ भाग, सगळ्यात मोठा खर्च. त्यापुढच्या ४.५ पटींत जे काही होतं ते चादरीखाली जाणार होतं.

चादरीवरही धाग्यांच्या संख्येचा खेळ असतो. पिळाचे दोन-तीन पदर वेगवेगळे मोजले की ४०० चे ८००, १२०० होतात. साधी, दाट विणीची १.५ पटीची घेतली.

टॉवेलचं एका ओळीत: जाड आणि महाग टॉवेल दमट दिवसांत वाळत नाहीत, कुबट वास येतो, शिवाय कपडे मऊ करणारं द्रावण घातलं की धाग्यांवर थर बसून पाणी टिपणं कमी होतं. ते द्रावण बंद केलं आणि जुनेच टॉवेल सुधारले. खर्च शून्य.

११ मे

घरात भांडण. लेकीला टेबलावर ठेवायला काचेचा दिवा हवा होता, ५ पटीचा. माझे तिन्ही रकाने त्याच्या विरोधात: वापर कमी, मोडला तर काचा, उघडता येत नाही. ती म्हणाली, “तुझ्या वहीत आवडतं असा रकानाच नाहीये.”

नव्हताच. हौसेला मोल नसतं म्हणतात, मग तिला रकान्यात कसं बसवणार? ७ भाग वेगळे काढले. त्यांच्यावर प्रश्न विचारायचा नाही, हिशोब मागायचा नाही. दिवा आला. खरंच सुंदर आहे. रात्री मीच तिच्या खोलीत जाऊन लावते.

ड्रिल शेजारच्यांना कायमचं देऊन टाकलं, लागलं तर मागू या बोलीवर. बाबांचा एकच चांगला पेचकस मात्र घरातच. ३२ तोंडांचा १ पटीचा संच मी आणला होता. त्याचं टोक मऊ, फिलिप्स म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेतून घसरून त्याने खुर्चीच्या दोन स्क्रूंची डोकी गुळगुळीत करून ठेवली. घरातले बहुतेक स्क्रू पीएच२, म्हणजे फिलिप्स क्रमांक २, मापाचे असतात. ते एक माप चांगल्या पोलादाचं घ्या, बाकी एकतीस तोंडं कधी लागलीच नाहीत.

२५ मे

बुटांचा उलगडा झाला. पॉलियुरेथेनचा तळवा हवेतला ओलावा शोषतो आणि काही वर्षांत आतून तुटत जातो, घाला किंवा खोक्यात ठेवा. म्हणजे ‘चांगले’ म्हणून जपल्याने ते वाचत नव्हतेच. या वेळी शिवलेल्या रबरी तळव्याचे, ३ पटीचे. तळवा झिजला की चांभार बदलून देतो. ८ भाग. अट एकच: रोज घालायचे.

१५ जून

हिशोब. गादी ३४, नळ ११ आणि १७, भांडी ८, बूट ८, हौस ७, बोर्ड ३, खुर्ची २, सुरी व दगड २, केबल १. एकूण ९३, उरले ७. चादरी वगैरे किरकोळ गोष्टी रोजच्या खर्चातून गेल्या. यातले निव्वळ चुकीचे २१: भिंत फोडण्याचे १७, पातेल्याचे ३, केबलचा १. वेळ मोजला तर साठ तासांच्या आसपास, त्यातले पंधरा नक्की वाया.

आणि आजच वॉशिंग मशीन पिळताना घरघरायला लागलं. बेअरिंग गेलं. मेकॅनिकने मागची बाजू उघडून दाखवली: बाहेरचा टब दोन अर्धे चिकटवून कायमचा बंद केलेला, त्यामुळे बेअरिंगसाठी आख्खा टब बदलायचा, आणि त्याची किंमत मशीनच्या निम्मी. दुकानात मी कुठल्या मशीनचा टब स्क्रूने जोडलेला असतो ते विचारलं, तर विक्रेत्याने मोबाइलवरून मशीन कसं चालू करता येतं ते दाखवलं. परत येऊन मेकॅनिकलाच विचारलं, कुठलं उघडायला तुम्हाला बरं पडतं? त्याने दोन नावं कागदावर लिहून दिली. दोन्ही मधल्या किमतीची, पडद्याशिवाय, बटणांची.

पुढच्या सहामाहीच्या पैशांतून एक सांगितलंय, मंगळवारी येईल. जुनं जाण्याआधी बाबांनी त्याचे चारही रबरी पाय आणि पाण्याची नळी काढून ठेवली. नळीवर चिकटपट्टी लावली आहे, अजून कोरी.